तळ्यात सोडलेल्या लाद्या

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात वाढलेल्या दमयंती पावसेला उत्तर ध्रुवाजवळ बर्फ बनवायला बोलावलं, तेव्हा घरचे पोट धरून हसले होते. पण तिथली हिमनदी तळं सोडून डोंगरावर मागे सरकली होती. तिचे बर्फाचे कडे पाण्यात कोसळेनासे झाले, तळं तापू लागलं, मासे मरू लागले. म्हणून आता काठावरच्या कारखान्यातून दमयंती लाद्या सोडायची.

आज कारखाना बघायला पाहुणे आले. त्यांनी लाद्यांपाशी थर्मामीटर बुडवला, टाळ्या वाजवल्या आणि गेले.

मग ती पलीकडच्या काठावर गेली. बर्फ करताना यंत्रातून निघणारं कढत पाणी तिथे त्याच तळ्यात पडत होतं. पाइप समुद्रापर्यंत न्यायला वर्ष लागेल, तोवर चालवून घेऊ, असं ठरलं तेव्हा तिनेही मान डोलावली होती.

गावातली म्हातारी आर्नाक तिथे नातीला न्हाऊ घालत होती.

"आमच्यात या तळ्यात आंघोळ कोणी केलीच नव्हती," दमयंतीचा हात धरून ती म्हणाली. "तुझे उपकार गं, पोरी."

नात एका उताण्या माशाला होडीसारखी ढकलत होती.