नसलेली नोंद

शहाद्याच्या गोकुळला बंद पडलेल्या कॉम्प्युटर सिस्टिम जिवंत करायचा नाद. पुनर्वसन कचेरीने भंगारात विकलेल्या एका डबड्यावर त्याने विंडोज ९८ पुन्हा चालू केलं, तर आत धरणात बुडालेल्या गावातल्या घरांची यादी निघाली. फुलवंताबाईचं घरसुद्धा. भरपाई मागायला गेली की "नोंद नाही" म्हणत कचेरीने तिला वीस वर्षं हाकललं होतं.

गोकुळने छापून दिलेला कागद तिने साहेबापुढे ठेवला. साहेबाने तो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कॉम्प्युटर उचलला आणि गोकुळलाही. गुन्हा, सरकारी नोंदी चोरल्याचा.

फुलवंताबाई परत कचेरीत गेली. साहेबाने मान वर न करता नेहमीचंच ऐकवलं, "तुझी नोंद नाही, बाई."

"मग गोकुळभाऊने काय चोरलं, साहेब?"