निळी शाल

"रंग चुकलाय," असं म्हणत गिऱ्हाइकाने फोटो काउंटरवर ठेवला.

फोटो लॅबमध्ये ताईची उभी हयात गेली होती, पण या महिन्यातली ही तिसरी तक्रार. दुसरीच्या वेळीच मालकाने बजावलं होतं, "आणखी एक गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं, तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून घरी बसा." घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. ताईला घरी बसून चालणार नव्हतं.

तिने फोटो पाहिला. पांढऱ्या दारापुढे उभी असलेली बाई, अंगावर मरून शाल.

"काय चुकलंय, दादा?"

"शाल. ती निळी आहे."

ट्यूबलाइटखाली रंग हमखास फसवतात, म्हणून ताई फोटो घेऊन दारापाशी उजेडात गेली. मशीनचे रंग तपासायची चाचणीपट्टी तिने सकाळीच काढून तपासली होती. फोटोतलं दार पांढरंशुभ्र होतं, चेहराही जसा हवा तसा.

"मशीनने निळ्याचं मरून केलं असतं ना, तर चेहरापण बिटासारखा दिसला असता," ती हळूच म्हणाली.

"अकरा वर्षं संसार केलाय मी तिच्याबरोबर. तिची शाल मला माहीत नसेल?" त्याचा आवाज जराही चढला नाही. उलट डोळेच भरून आले. "चार लोकांच्या हातात जायचाय फोटो. चूक राहायला नको."

बायको गेलेली दिसते बिचाऱ्याची, असं ताईला वाटलं. दुःखात माणसाला रंग काय, दिवसही धड आठवत नाहीत. तिने पुढे काही विचारलं नाही. काचेच्या केबिनमधून मालक मान उंच करून बघत होताच.

तिने आपल्या नजरेचा अभिमान गुंडाळून ठेवला. कॉम्प्युटरवर फक्त शाल निवडली, काठाच्या गोंड्यांपर्यंत निळी केली आणि फोटो नव्याने छापला.

"हीच ती!" गिऱ्हाईक म्हणालं. "तुमच्या हाताला तोड नाही, ताई."

त्या दिवशी मालक चक्क हसला. नोकरी वाचली म्हणून ताईला हायसं वाटलं, पण खोटं बोलल्यासारखं काहीतरी दोन दिवस मनात सलत राहिलं.

आठवड्याभराने एक पोलीस तोच फोटो घेऊन आला.

"याच्या तीस प्रती हव्यात. रंग मात्र अस्साच आला पाहिजे हं, सगळी मदार त्याच्यावर आहे."

"का? काय झालंय?"

"या बाई हरवल्यात. नवऱ्याने तक्रार दिलीय. रोज चौकीत येऊन बसतो बिचारा."

ताईचा हात मशीनवरच थांबला. "काही पत्ता लागला?"

"कुठला! परवा कालव्यात एक बाई सापडली. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. मला वाटलं, झालं, हीच ती. पण फोटो शेजारी धरला आणि जीव भांड्यात पडला," पोलीस म्हणाला. "तिच्या अंगावरची शाल मरून होती."