उजवा हात

मतदानाची रांग शाळेच्या फाटकाबाहेर आली होती. दिनकर आढाव पुरुषांच्या रांगेत उभे होते आणि शेजारच्या बायकांच्या रांगेत त्यांची बायको सुनीती. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतले झाडून सगळे सेक्शन ऑफिसर स्वेटर घालून हजर होते. ऑफिसात साडेदहाशिवाय न दिसणारी माणसं आठ वाजता रांगेत बघून आढावांना एरवी हसू आलं असतं.

"अहो, आज प्रार्थना न करताच निघालात," सुनीती हळू आवाजात म्हणाली.

"उशीर होत होता."

उशीर कसला. मत द्यायला जाताना घरी सगळ्यांनी मान खाली घालून प्रार्थना करायची, हा आढावांनीच घातलेला रिवाज. मत ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, आपण नुसते कारभारी, दुबळ्याच्या भल्यासाठी ती वापरायची, नाहीतर एक दिवस हिशेब द्यावा लागेल, असं ते चर्चमध्ये रविवारच्या शाळेतल्या पोरांना शिकवत. चांगलं शिकवत. पोरांना पाठ होतं.

फाटकातून सुमित्रा बाहेर आली. अकरा वर्षं ती आढावांकडे कामाला होती आणि चर्चच्या मागच्या भिंतीला लागून ज्या झुग्ग्या, म्हणजे झोपड्या होत्या, त्यांतल्या एकीत राहत होती. साहेबांना बघून तिने डाव्या हाताचं बोट वर केलं. शाई अजून ओली होती.

"दे आई, साहब. पूरी गली दे आई."

"अच्छा किया," आढाव म्हणाले. मग, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "किसको?"

सुमित्रा हसली. "सोमवार को मैंने पूछा था किसको दें, तब आपने बताया नहीं. बोले, अपने मन से पूछो. लेकिन फोटो ने बता दिया."

तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेलं पत्रक काढलं. पत्रकावर उमेदवार हात जोडून, मान लववून उभा होता. त्याच्या डोक्यावर आढावांचा उजवा हात होता, मनगटावरच्या घड्याळासकट. आढावांचे डोळे मिटलेले होते. फोटो छान आला होता.

"बत्तीस घर हैं, साहब. सब अलग-अलग बोल रहे थे. मैंने ये दिखाया. बोली, हमारे साहब ऐसे-वैसे के सिर पर हाथ नहीं रखते."

आढावांनी पत्रक हातात घेतलं नाही.

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर हा उमेदवार चर्चमध्ये आला होता. पाळकसाहेब म्हणाले, आढाव, तुम्ही यांच्यासाठी प्रार्थना करा. मान वाकवून आलेल्या माणसासाठी प्रार्थना करायला नाही म्हणायचं नसतं, आपल्या लोकांत तशी पद्धत नाही. आढावांनी हात ठेवला आणि मनापासून प्रार्थना केली. इथवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. नंतर चहाच्या वेळी तो माणूस त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "आपके कब्रिस्तान की जमीन पक्की समझिए. पीछे की झुग्गियां गर्मियों से पहले हट जाएंगी." दफनभूमीसाठी मंडळी वीस वर्षं अर्ज करत होती. आपलं माणूस गेलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागे; आढावांनी स्वतःच्या आईला तसंच नेलं होतं. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

आणि दुसऱ्याच दिवशी भांडी घासता घासता सुमित्राने विचारलं, किसको दें साहब? तेव्हा त्यांनी तिला विवेकावर दहा मिनिटं ऐकवलं. दुसऱ्याच्या ठेवीत आपण हात घालू नये, असंही म्हणाले. बोलताना त्यांना आपलं बोलणं आवडलंसुद्धा होतं.

सुनीतीने रांगेतूनच पत्रक पाहिलं आणि मान वळवली. त्या दिवशी चहाचा ट्रे तिच्याच हातात होता.

"सुमित्रा," आढाव म्हणाले.

"जी?"

तिचा चेहरा मोकळा होता. आता सांगून काय उपयोग, शाई तर लागली, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाला ते लगेच पटलं, याची त्यांना फार लाज वाटली.

"कुछ नहीं. तू जा."

"मेमसाब, आज फुलके मैं बना दूंगी, आप आराम से आना," सुमित्रा सुनीतीला म्हणाली आणि घडी पुन्हा पदरात बांधत निघून गेली.

रांग पुढे सरकली. पुढचा गृहस्थ थंडीबद्दल काहीतरी बोलला, आढावांनी हं म्हटलं. आपण दुसऱ्या माणसाला मत द्यायचं, हे त्यांनी तेवढ्यात ठरवूनही टाकलं. एक मत. आणि तिकडे बत्तीस घरं.

खोलीत टेबलापाशी एक तरुण कर्मचारी शाईची बाटली घेऊन बसला होता. त्याने वर न बघता म्हटलं, "हाथ दीजिए."

आढावांनी हात पुढे केला.

कर्मचाऱ्याने काडी शाईत बुडवली, हाताकडे बघितलं आणि थांबला.

"ये नहीं साहब, दूसरा," तो म्हणाला. "इस हाथ पर निशान नहीं लगता."

आढावांनी उजवा हात मागे घेतला नाही. मागे रांग खोळंबली होती.