दुपारची फेरी

"नुसतं जागं राहायचं, काका. बाकी काही करायचं नाही," डोक्याला तारा चिकटवणाऱ्या मुलीने बजावलं. "गाणं म्हणायचं नाही, चिमटे काढायचे नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं."

"एवढंच?" शाळेच्या बसचे ड्रायव्हर हसले. पोरं त्यांना मामा म्हणायची. मागच्या आठवड्यात बस फुटपाथवर चढली होती. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण झोपेच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं शाळेने सांगून टाकलं होतं.

"घरी टीव्हीपुढे बसले की बातम्या सुरू व्हायच्या आत घोरायला लागतात," दारातून मामांची बायको त्या तारा लावणाऱ्या मुलीला म्हणाली. "अहो, आज तेवढं सांभाळा हं." आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत बाहेर बाकावर जाऊन बसली.

दार लागलं. दिवा मंद झाला. खुर्ची भलतीच मऊ होती. मामांनी युक्ती काढली. मनातल्या मनात दुपारची फेरी मारायला घेतली. शाळेचं फाटक. पाण्याची टाकी, इथे तो बडबड्या उतरतो, रोज बाटली विसरतो. मग बँकेचा कोपरा...

दिवा लागला तेव्हा मामा खुशीत होते. "झालं? बसू ना आता गाडीवर?"

डॉक्टरबाईंनी बायकोलाही आत बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "मामा, तुम्हाला झोप लागली होती. इथे. मग पुन्हा इथे. ही तर चांगलीच लांबली."

"छे हो! तुमच्या मशीनलाच डुलकी लागली असेल." मामा बायकोकडे बघून हसले. ती हसली नाही. "बाई, मी अख्खी फेरी मारली. एकूण एक पोर घरी पोचवलं. झोपलेला माणूस गाडी चालवेल का?"

"सांगा बघू, कोण कुठे उतरलं?"

"टाकीपाशी बडबड्या. बाटली राहिली, ती मी खिडकीतून दिली. बँकेपाशी चष्मेवाली. मग बेकरी. तिथे जुळी उतरतात. त्यांना मी रोज हाताला धरून रस्ता ओलांडून देतो, भरधाव गाड्या असतात तिथे. आज पलीकडे आई उभी होती. म्हणाली, डबा घरीच विसरलास की रे. मी म्हटलं, राहू दे, आता एवढी फेरी..."

मामा थांबले.

"जुळ्यांची आई?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. माझी."

बायकोने हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली."

मामा पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिले. त्यांत बेकरी कुठे होती, कळेना. टाकी जागेपणी झाली होती, एवढं नक्की. बँकही बहुतेक. का तीसुद्धा...

"मग," त्यांनी अगदी हळू विचारलं, "जुळ्यांना रस्ता कुणी ओलांडून दिला?"

खुर्चीखाली मामांचा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा फरशीवर दाबला जात होता. आणखी, आणखी जोरात.