फोटोखालची चौकट

“लाकडी खुर्ची, उत्तम दर्जा, माफक दर,” फोन म्हणाला.

आईने काचेवर बोट सरकवलं.

“लाकडी खुर्ची, उत्तम दर्जा, माफक दर.”

पुन्हा बोट, पुन्हा तेच. फोनमधली बाई थकत नव्हती. वेबसाइटवाल्याच्या ऑफिसात तिघंच होती, आणि चौदाव्या खुर्चीपर्यंत आईने मुलीला किंवा त्याला तोंड उघडू दिलं नाही. मग तिने फोन मांडीवर पालथा घातला.

“ही ह्यांची साइट नाही.”

“तीच आहे काकू. फक्त नवी केली.” त्याने स्क्रीन आईकडे वळवला, मग चूक लक्षात येऊन मुलीकडे. “ताई, तुम्हीच बघा. जुनी किती कळकट दिसायची. एकशे सदतीस फोटो होते, एकही गेला नाही.”

फोटो होते. तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या सुतार बाबांची एकेक खुर्ची, पांढऱ्याशुभ्र पानावर, एका ओळीत तीन.

“फोटोंखाली लिहिलेलं कुठे आहे?” मुलीने विचारलं.

“खाली कुठे काय होतं?”

“आतल्या बाजूला. फोटो चढवताना एक चौकट येते. ज्याला फोटो दिसत नाही, त्याला फोन त्या चौकटीतलं वाचून दाखवतो. हे मी सांगायचं? धंदा तुमचा आहे.”

“अच्छा, ते होय!” तो खुर्चीत सैल झाला. “ते कोण वाचतंय ताई? ते सर्चमध्ये वर येण्यासाठी. आणि काकांनी तिथे निबंध लिहिले होते हो. एका खुर्चीला तर, ‘आज पॉलिश धड बसलं नाही, काल तू रुसलीस ते बरोबरच होतं.’ असलं कोणी साइटवर ठेवतं? सगळे फोटो निवडले आणि एका क्लिकमध्ये एकच ओळ टाकली. तुमच्या दादांना विचारून हं. ते म्हणाले, काढा तो कचरा.”

दादाचं घरी गेल्यावर बघायचं, असं मुलीने ठरवलं.

“जुनं परत आणा.”

“जुनी जागा बंद केली ना. दोन दिवस झाले. बॅकअप फोटोंचा घेतला होता. मजकुराचा...” त्याने माउस इकडून तिकडे हलवला. “आता चूक झाली म्हणा.”

“मी कशाला म्हणू? तुम्ही म्हणा.”

“चूक झाली.”

“मला नाही. तिला.”

“मला माफी नको,” आई म्हणाली. “पहिली खुर्ची उघडा. आणि बोटं ठेवा त्या बटणांवर.”

त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी उठली आणि दाराला आतून कडी घालून परत आली.

“सागाची,” आई नवऱ्याचे शब्द म्हणू लागली. “पाठ ताठ, तुझ्या वन्संसारखी. हिच्यावर बसून कोणी हसणार नाही. झालं? दुसरी. हिचा डावा हात अर्धा इंच खाली घेतलाय. तू डावीकडे रेलतेस म्हणून. गिऱ्हाइकाने विचारलं तर चुकून झालं म्हणेन.”

तो टाइप करत गेला. आई श्वासाला थांबत नव्हती. चाळिसाव्या खुर्चीला त्याने पाणी पिऊ का, असं विचारलं.

“पन्नास होऊ देत.”

त्रेसष्टाव्या खुर्चीला ती अडली. ओठ हलले, शब्द आला नाही. तिने पुन्हा सुरुवातीपासून मनात म्हणून पाहिलं, बोटांवर मोजत.

“नाही आठवत.” तिने मूठ गुडघ्यावर आपटली. “नजर गेल्यापासून, सहा वर्षं, रोज ऐकलं मी. रोज! आणि नाही आठवत. तू सांग गं.”

मुलीला सांगता येईना. तिने ही साइट शंभरदा तरी पाहिली होती. पाहणाऱ्याला ती चौकट दिसत नाही.

“काकू,” वेबसाइटवाला हळूच म्हणाला, “मी फोटो बघून लिहू?”

“काय लिहाल? उत्तम दर्जा?”

त्याने फोटो मोठा केला आणि स्क्रीनजवळ वाकला.

“आरामखुर्ची आहे. काळपट लाकूड. बसायला वेत विणलाय, मधे एक पट्टी नवी दिसते. उजव्या कोपऱ्यात... कोणाचा तरी अंगठा आलाय. कापणार होतो मी, राहून गेला.”

आईची मान आवाजाच्या दिशेने वळली.

“नख कसं आहे?”

“काळंनिळं. अर्धं उचललं गेलंय. हातोडी बसली असेल.”

“मला म्हणाले होते, जरासं खरचटलंय,” आई दात आवळून म्हणाली. “खोटारडे.”

त्याची बोटं बटणांवर थबकली होती.

“थांबलात का? लिहा.”