पट्टीवरचे कुंकू

समुद्रशेवाळाचा अर्क, प्रयोगशाळेतले पॉलिमर आणि हळद यांपासून तेजस्विनीने हायड्रोजेलची, म्हणजे ओलसर मऊ जेलची, पट्टी सिद्ध केली होती. जखम भरत असता ती पिवळी राही. जंतुसंसर्गाने क्षारता वाढली, की लाल होई. निफाडच्या मधुमेही नाथाबाबांच्या पायावरच्या जखमेला ती बांधून तीन दिवस झाले, तशी तेजस्विनी पाहायला त्यांच्या घरी आली. "ये गं पोरी!" त्यांच्या पत्नी कुसाबाई हर्षाने म्हणाल्या. "गडावरच्या देवीआईनं सोताच कुंकू लावलंय बघ, आज सकाळीच!" लाल पट्टीवर अक्षता वाहिलेल्या होत्या. तेजस्विनीने ओळखले, जंतुसंसर्ग झाला होता. आजच उपचार न झाले, तर पाय जाणार होता. आणि नाथाबाबांना रुग्णालयाचे नावही सोसत नसे. तिने पट्टीला हात जोडले. "आजी, आईनं सावध केलंय. जखम चिघळलीय, दवाखान्यात चला." कुसाबाईंनी पतीपुढे काठी धरली. "ऐकलं का? आईचा सांगावा हाय!" नाथाबाबा काठी टेकत उठले.