एकोणीस दाखले

"तुमच्या गावातली माणसं फार पडतात हो, डॉक्टर," आरोग्य खात्याच्या पाहणीवाल्या बाई मृत्यूच्या दाखल्यांचा गठ्ठा उलटत म्हणाल्या. "जिन्यावरून पडतात, तलावात पडतात, शेगडीवर पडतात. आणि आकडीच्या आजारानं दहा वर्षांत गेलेले किती? शून्य!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"ते सगळे फिट येऊनच पडले," ते म्हणाले. "दाखले मीच लिहिलेत. आजाराचं नाव तेवढं टाकलं नाही. घरचे हात जोडायचे. घरात फिट येणारं माणूस होतं असं कळलं की भावंडांची लग्नं अडतात."

"असे किती असतील?"

"वीस."

"रजिस्टर बघून सांगा."

"बघायला कशाला हवं? पाठ आहेत."

बाई चिडल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. पण त्या शांतपणे समजावायला लागल्या. कोणत्या आजारासाठी किती औषध पाठवायचं, हे सरकार एका यादीवरून ठरवतं. कोणता आजार किती माणसं नेतो, त्यावर त्याचा नंबर लागतो. जो कागदावर कुणाला नेतच नाही, तो तळाला. यंदा तळाचे आजार यादीतून निघणार होते आणि त्यांची सरकारी दवाखान्यातली गोळीही बंद होणार होती. फेरविचार हवा असेल तर एका गावातून वीस दुरुस्त दाखले हवेत, प्रत्येकावर घरच्यांची आणि डॉक्टरांची सही. शुक्रवारी पाचच्या आत.

"तुम्ही लोकांवर दया केलीत," बाई म्हणाल्या, "आणि वरच्यांना वाटलं, आजारच नाही."

हे मात्र डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. मंगळवारी सकाळीच ते फॉर्म घेऊन निघाले.

पहिलं घर शिंपिणीचं. तिची थोरली फिट येऊन शेगडीवर पडली होती. आता धाकटीलाही फिट यायच्या. ती त्या सरकारी गोळीवरच ठीक होती आणि तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं.

"डॉक्टर, तेव्हा तुम्हीच म्हणालात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तुम्हीच उघड म्हणताय?"

"चुकलो मी, ताई. पण नाही उघडली तर हिची गोळी बंद होईल."

शिंपिणीनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग तिनं फॉर्म ओढून घेतला.

"लग्न मोडलं तर मोडलं. पोर तर राहील," असं म्हणून तिनं सही केली आणि पदरानं डोळे पुसले. डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना.

पाववाल्यानं दारातच तोंड सोडलं. "खोटं लिहिलंत तुम्ही आणि निस्तरायचं आम्ही? वा रे वा!" त्यानं धाडकन दार लावलं. तासाभरानं पिठाच्या हातांनी तोच दवाखान्यात आला, सही केली आणि गेला. निवृत्त मास्तरांनी फॉर्म तीनदा वाचला, वर त्यातल्या दोन चुका लाल शाईनं दुरुस्त करून दिल्या.

घरोघरी डॉक्टर एकच सांगत होते, "आजाराची कसली लाज? लाज वाटायची तर लपवल्याची वाटू द्या." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी हाकलून दिलं असतं. डॉक्टरांचं ऐकलं. प्रत्येक सहीबरोबर डॉक्टरांची मान आणखी खाली जात होती.

शुक्रवारी चार वाजता बाईंनी दाखले मोजले. मग पुन्हा मोजले.

"एकोणीसच आहेत."

"हो."

"कोण नाही म्हणालं? मला घर दाखवा. मी जाऊन पाया पडते."

"नाही असं कुणीच म्हणालं नाही. एकोणीसच होते. माझ्या मोजण्यात चूक झाली."

"पाठ आहेत म्हणाला होतात."

"वय झालं, बाई."

तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढलेल्या कंपाउंडरनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा बाटल्या धुवायला लागला.

"एकानं काय बिघडतंय?" डॉक्टर चाचरत म्हणाले. "एकोणीस काय नि वीस काय."

"एकानं काय बिघडतंय, असं म्हणत म्हणतच तुमचं गाव शून्यावर आलं, डॉक्टर."

बाईंनी दाखले पिशवीत भरले. पाचाचे ठोके पडेपर्यंत त्या दाराकडे बघत बसल्या. कुणी आलं नाही. मग उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तरी तुम्ही उन्हातान्हात दारोदार फिरलात. एवढं तरी कोण करतं?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जायचा रस्ता शिंपिणीच्या दुकानावरून होता. तिनं आतूनच हाक मारली, "झालं ना काम, डॉक्टर?"

"कळवतील वरून," ते म्हणाले आणि भराभरा पुढे गेले.

घरी बैठकीत नवी चादर अंथरलेली होती. आतल्या खोलीत त्यांची धाकटी तयार होत होती. सहा वाजता मुलाकडचे यायचे होते. बायकोनं त्यांना दारातच बाजूला घेतलं.

"मुलाची आई फार चौकशा करते म्हणे," ती हळूच म्हणाली. "आपल्या थोरलीचं विचारलं तर काय सांगायचं हो?"

डॉक्टरांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"तलावात पाय घसरून बुडाली म्हणून सांग," ते म्हणाले. "खात्री करायची असेल तर दाखला आहे कपाटात. माझ्याच सहीचा."